मदत हवी आहे: खाऱ्या पाण्याच्या ड्रिल केलेल्या टाकीचं प्लंबिंग आणि संप (सांगली)

नमस्कार मंडळी,

गोड्या पाण्याच्या टाक्या बरीच वर्षं सांभाळतोय, खाऱ्या पाण्याची ही पहिलीच. टाकी आणि संप (टाकीखाली ठेवायची फिल्टरची दुसरी टाकी) बनून आलेत, प्लंबिंग अजून व्हायचंय. सोल्यूशन लावून पाइप कायमचे चिकटवण्याआधी जाणकारांनी एकदा नजर टाकावी ही विनंती.

टाकी ४ × २ × २ फूट, काच १२ मिलिमीटर, पाणी साधारण ४०० लिटर. मागच्या कोपऱ्यात २० × २० सेंटिमीटरचा ओव्हरफ्लो बॉक्स आहे (टाकीतलं वरचं पाणी त्यात सांडतं), वरच्या कडेला दात कापलेले. बॉक्सच्या तळाला तीन भोकं: दोन एक इंची टँक निपलची (काचेच्या भोकात नटाने बसणारा पाइपचा जोड), तिसरं पाऊण इंचीचं. टाकी बनवणाऱ्याचं म्हणणं, दोन्ही एक इंची ड्रेनला (पाणी खाली संपात न्यायला) वापरा आणि पाऊण इंचीतून रिटर्न (पंपाने परत येणाऱ्या पाण्याचा पाइप) वर आणा. संप ९० × ४५ × ४५ सेंटिमीटर. पहिल्या कप्प्यात ड्रेन आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), मधल्यात दगड, शेवटच्यात रिटर्न पंप. पंप डीसी आहे, डब्यावर ताशी ४००० लिटर लिहिलंय. प्रवाळ ठेवणार नाही. क्लाउनफिशची जोडी, दोन-चार शांत मासे, गोगलगायी आणि कोळंबी, एवढंच.

माझी खरी काळजी लाइटची आहे. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नाही, आणि मी दिवसभर दुकानात असतो. वीज गेली की वरचं पाणी खाली येणार. ते संपात मावेल का, हे कसं काढायचं? रिटर्नचं तोंड पाण्याखाली १२ सेंटिमीटरवर ठेवून लाइनमध्ये एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) टाका, म्हणजे पाणी उलटं येणारच नाही, असं सुचवलं गेलंय. एनआरव्हीवर किती विसंबावं?

दुसरं, दोन ड्रेनपैकी एक पूर्ण सायफन (हवेशिवाय पूर्ण भरून वाहणारा) आणि दुसरा इमर्जन्सी (पहिला तुंबला तरच चालणारा), अशी हर्बी पद्धत वाचली. सायफनच्या लाइनवर गेट व्हॉल्व्ह (हळूहळू मिटणारा व्हॉल्व्ह) लागतो. गणपती पेठेत विचारलं तर सगळीकडे पितळी गेट व्हॉल्व्हच पुढे येतो. चालेल का? की प्लास्टिकच्या बॉल व्हॉल्व्हवर भागेल?

तिसरं, टाकी पहिल्या मजल्यावर ठेवायची आहे. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी खालच्या खोल्यांत शिरलं होतं, त्यामुळे खाली काहीच जड किंवा महाग ठेवत नाही. स्लॅब आरसीसी आहे. वजनाचा विचार कसा करायचा?

प्रतिसाद

साताऱ्यात याच मापाची टाकी चालवतो, म्हणून लिहितोय.

आधी पाण्याचा हिशोब. तुमच्या टाकीत एक सेंटिमीटर पातळी म्हणजे सुमारे ७ लिटर, संपात एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४ लिटर. वीज गेल्यावर रिटर्नचं तोंड उघडं पडेपर्यंत सायफन चालू राहतो. तोंड १२ सेंटिमीटर खाली असेल तर ८४ लिटर खाली येणार. बॉक्समधलं आठेक लिटर आणि पाइपातलं दोन-तीन लिटर वेगळंच. संप २५ सेंटिमीटर उंचीवर चालवलात तर वर २० सेंटिमीटर म्हणजे ८० लिटरच जागा उरते. फरशीवर पाणी आलंच समजा. तेच तोंड पातळीखाली दोन-अडीच सेंटिमीटरवर घ्या. सगळं मिळून तीसेक लिटर खाली येईल, संप आठ सेंटिमीटर चढेल आणि तिथेच थांबेल.

एनआरव्हीच्या जिवावर हा हिशोब करू नका. खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेवर चुन्याचा थर बसतो, एखादी बारकी गोगलगाय अडकते आणि नेमकी नको तेव्हा झडप पूर्ण मिटत नाही. हवा तर बसवा, पण तो नाहीच असं धरून संपात जागा ठेवा. रिटर्नच्या पाइपला पातळीच्या लगेच खाली एक बारीक भोकही पाडा. पातळी उतरली की त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. ते भोक शेवाळाने बुजतं, दर आठवड्याला टूथपिक फिरवायची.

आता उलटी बाजू, जिकडे नव्या माणसाचं लक्ष जात नाही. ड्रेन तुंबला आणि पंप चालू राहिला तर? पंपाच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर जाणार. तो कप्पा २५ × ४५ सेंटिमीटरचा आणि पाणी २० सेंटिमीटर असेल तर साडेबावीस लिटर. वर काठापर्यंत चार सेंटिमीटर मोकळे ठेवलेत तर २८ लिटर मावतात. म्हणून पंपाचा कप्पा उगाच मोठा करू नका.

आणि माझं मत विचाराल तर रिटर्न भोकातून आणूच नका. तो मागच्या काठावरून टाकीत घ्या, म्हणजे तिसरं भोक मोकळं होतं आणि तुम्हाला तीन पाइपांची बीनअॅनिमल पद्धत मिळते. एक इंची पहिला पूर्ण सायफन, व्हॉल्व्हसह. पाऊण इंची ओपन चॅनेल (हवेसह वाहणारा पाइप), त्यातून थोडंसंच पाणी वाहतं आणि पातळी आपोआप जुळते. दुसरा एक इंची कोरडा इमर्जन्सी, तोंड बॉक्समध्ये सगळ्यात उंच. इमर्जन्सीने एकट्याने पंपाचं सगळं पाणी पेललं पाहिजे, म्हणून तिथे पाऊण इंची नको. त्याचं खालचं टोक संपातल्या पाण्याच्या वर ठेवा. त्यातून पाणी पडलं की धो धो आवाज येतो, तीच सूचना. सायफनचं टोक मात्र संपात दोन-अडीच सेंटिमीटरच बुडवा. खोल बुडवलंत तर वीज परत आल्यावर पाइपातली हवा बाहेर पडत नाही, सायफन धरायला वेळ लागतो आणि तोवर बॉक्स चढत राहतो.

पितळी व्हॉल्व्ह अजिबात नको. पितळेत तांबं असतं आणि कोळंबी, गोगलगायींना तांब्याचा अंशही मारक. सीपीव्हीसीचे एमटीए-एफटीए (आट्यांचे जोड) घेताना आतही बघा, बऱ्याचदा पितळी आटे असतात. यूपीव्हीसीचा गेट व्हॉल्व्ह ऑनलाइन मागवा. बॉल व्हॉल्व्हवर काम अडत नाही, पण पाव फेऱ्यात तो पूर्ण मिटतो, त्यामुळे केसभर कमी-जास्त करणं जिकिरीचं होतं. पंपाजवळ आणि व्हॉल्व्हच्या वर यूनियन (खोलता येणारा जोड) टाकायला विसरू नका, नाहीतर पंप धुवायला पाइप कापावा लागेल.

टँक निपलचा रबर वॉशर फ्लँजच्या (निपलच्या रुंद कडेच्या) बाजूला, म्हणजे पाण्याच्या बाजूला. सिलिकॉन लावू नका, नट हाताने आवळून वर थोडासाच पाना. जास्त आवळलं तर काच जाते.

प्रतिसाद

वजनाबद्दल. पाणी, काच, दगड-वाळू, भरलेला संप आणि लोखंडी स्टँड धरून साडेसातशे किलोच्या आसपास जाईल. टाकीखालची जागा पाऊण चौरस मीटरच्याही किंचित कमी, म्हणजे चौरस मीटरला हजार किलो. घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भार (माणसं, सामान यांचं वजन) धरून काढतात. तो सगळ्या खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे थेट तुलना होत नाही, पण आकडा दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. टाकी खोलीच्या मधोमध नको. भिंतीलगत, बीमवर किंवा बीमला लागून ठेवा. घराचे नकाशे आणि स्लॅबची सळई बघून स्ट्रक्चरल इंजिनिअरच सांगू शकेल. दोनदा पुराचं पाणी बसलेलं घर आहे, खालचे कॉलमही त्यांना दाखवा. इथल्या कुणाच्या, माझ्याही, अंदाजावर टाकी भरू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रिटर्न काठावरून घेतो. इंजिनिअर शनिवारी येऊन बघतो म्हणालेत, तोवर टाकी रिकामीच. एकच शंका: चाचणी मीठ घालून करायची की साध्या पाण्यावर?

प्रतिसाद

साध्या पाण्यावर, दादा. ४०० लिटरला १४ किलो मीठ लागतं, ते आधीच कशाला घालवायचं? सोल्यूशन लावल्यावर पूर्ण एक दिवस सुकू द्या. प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्र अंथरा, एक थेंबही लगेच दिसतो. मग पंप चालू करून व्हॉल्व्ह जुळवा आणि मेन स्विच बंद करा. पाणी उतरायचं थांबलं की संपावर त्या पातळीला मार्करने रेघ मारा. पुन्हा चालू, पुन्हा बंद, असं चार-पाच वेळा. नंतर पंप चालू असताना सायफनचा व्हॉल्व्ह मुद्दाम पूर्ण मिटवा आणि इमर्जन्सी एकटा पाणी पेलतो का ते डोळ्यांनी बघा. चालू स्थितीतली पातळीही वेगळ्या रेघेने दाखवा, पाणी कधीच तिच्यावर भरायचं नाही. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने उतरतं ते फक्त पंपाच्या कप्प्यात, आणि तिथे आरओचं गोडं पाणीच घालायचं, मिठाचं नाही. सॉकेट संपाच्या वर नको, प्रत्येक वायरला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत जात नाहीत, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या.