मदत हवी आहे: अष्टमीच्या ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं का?

मार्गशीर्षातल्या शुद्ध अष्टमीला आईला (वय ७१, गुडघे दुखरे) अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात न्यायचंय. १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं तिथलं गणपतीचं देऊळ तिला बघायचंय. होडीत बसायला ती तयार नाही. पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत. मुक्काम जमणार नाही, तारीखही बदलता येणार नाही.

गेल्या वेळी पौर्णिमेला दुपारी पोचलो आणि ऐन भरतीत वाळूवर कणसं खात किल्ला लांबूनच पाहिला. या वेळी हिशेब केलाय: तिथीच्या आकड्याची पाऊणपट ही भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला भरती साधारण सहाला, ओहोटी बाराच्या सुमारास. वेळ सोयीची आहे. पण अष्टमी म्हणजे भांग (कमी जोराची भरती-ओहोटी), पाणी फार मागे हटत नाही. ओळखीच्या दोघांना फोन केला. एक म्हणाला घोट्याएवढं, दुसरा म्हणाला मांडीपर्यंत! घोडागाडी चालेल, पण तिला चढायला पायरी लागेल.

अष्टमीच्या आसपास स्वतः गेलेल्यांनीच सांगा: दुपारी बाराला वाटेत पाणी किती असतं, घोडागाड्या सुरू असतात का, आणि आत शिरल्यावर परतायला साधारण किती वेळ हाताशी राहतो?