मदत हवी आहे: नोकरी सांभाळून पीएचडी की नोकरी सोडून?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या वाळपईची. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनमध्ये एमई केलं, सात वर्षं एका खाजगी कॉलेजात शिकवतेय. पीएचडी करायचीच हे पक्कं आहे. कशी करायची, तिथे अडलंय.

विषय घरातच सापडला. आषाढात आमच्या सत्तरी तालुक्यात जोराची सर आली की आईच्या टीव्हीवरचं चित्र जागच्या जागी थिजतं. गेल्या पावसाळ्यात अंगणात पर्जन्यमापक ठेवला आणि पाऊस असला की दर अर्ध्या तासाने त्यातलं पाणी आणि सेट टॉप बॉक्सवरचा सिग्नलचा आकडा वहीत लिहायला लागले. मी कॉलेजात असले की आई लिहायची, डोक्यावर इरलं घेऊन. बावीस पानं तिच्या अक्षरातली आहेत.

डीटीएचची, म्हणजे उपग्रहावरून घरच्या डिशवर येणारी टीव्हीची लहर साधारण १२ गिगाहर्ट्झची, म्हणजे तरंगलांबी अडीच सेंटिमीटर. काही मिलिमीटरचे थेंबसुद्धा ती शोषतात आणि विखुरतात. मोबाइल टॉवरांमधल्या १५ किंवा १८ गिगाहर्ट्झच्या बिनतारी लिंकना तर पाऊस जास्तच बाधतो. मग सिग्नल किती उतरला त्यावरून पाऊस मोजता येईल ना? जगात यावर काम झालंय, मला ते सह्याद्रीच्या पायथ्याच्या पावसासाठी करायचंय.

दोन गाइडना भेटले. एकांना विषय आवडला, पण पूर्णवेळच हवं म्हणाले. फेलोशिप महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. घराचा हप्ता चालू असताना पगार सोडायचा म्हणजे छातीत धस्स होतं. दुसरे अर्धवेळ घ्यायला तयार आहेत, पण विषय त्यांचा, अँटेना डिझाइनचा. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत अर्धवेळ पीएचडी बसते, पण किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क सुटत नाही. आमचं कॉलेज ना हरकत प्रमाणपत्र देईल, तासिका मात्र एकही कमी करणार नाही, हे तोंडावर सांगितलंय.

फर्मागुडी (आयआयटी), कुंकळ्ळी (एनआयटी), झुआरीनगर (बिट्स) किंवा ताळगावला (गोवा विद्यापीठ) कोणी नोकरी करत कोर्सवर्क केलंय का? आठवड्याचं कसं जमवलंत? आणि टॉवर कंपन्यांकडून लिंकचा डेटा संशोधनासाठी कोणाला मिळालाय का? अर्ज कोणाकडे केला होता? तो मिळणार नसेल तर पूर्णवेळ जाऊनही माझा विषय अडकेल, म्हणून आधी हेच कळायला हवं.

अर्जाला महिनाच उरलाय. वहीची पानं बघायची असतील तर फोटो टाकते.