ऑपरेशननंतर मॉर्फिन कमी करण्यासाठी अ‍ॅक्युपंक्चर सर्रास द्यावं का?

मेघना: मोठं ऑपरेशन झालं की मॉर्फिन नाहीतर फेंटानिल, म्हणजे ओपिऑइड गटातलं जोरदार वेदनाशामक, ठरलेलं. पण मॉर्फिनने नॅचरल किलर पेशी, म्हणजे रोगट पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, मंदावतात, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसलंय. ऑपरेशनच्या ताणाने त्या आधीच थकलेल्या असतात. कर्करोग असेल तर उरलेल्या पेशी टिपायचं कामही त्यांचंच. अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांमधून 2 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दोन ठोक्यांचा, सौम्य विद्युतप्रवाह दिला की शरीर स्वतःचं वेदनाशामक तयार करतं. मग हे प्रत्येक पेशंटला का मिळू नये?

विश्राम: मेघनाताई, वेदनासुद्धा त्याच पेशींना दाबते, ते राहिलं. मी भूल विभागात काम करतो. पोटाला टाके असलेला माणूस उशी घट्ट कवटाळून खोकायला जातो आणि कळ आली की अर्ध्यावरच थांबतो. कफ आत साचतो, न्यूमोनियाचं निमित्त होतं. अशा वेळी बेताचं मॉर्फिन त्याच्या फायद्याचंच असतं.

शिवाय 2019ची ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातली चाचणी बघा. स्तनाचा कर्करोग असलेल्या 2,100हून जास्त स्त्रिया होत्या. एका गटाला छातीच्या नसा बधिर करून ओपिऑइडची गरज कमी केली. कर्करोग उलटण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही.

मेघना: त्यात सुया कुठे होत्या? 2021मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलंय: उंदरांच्या मागच्या पायाला मंद प्रवाह दिला, तर मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेमार्फत मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी चेतवली जाऊन दाह उतरला. पोटावर दिला तर नाही. म्हणजे सुई कुठल्या बिंदूवर टोचली, याला अर्थ आहे.

सायली: त्या उंदरांना जिवाणूंचं विष टोचलं होतं, ऑपरेशन नव्हतं केलं. आणि शरीराचं स्वतःचं वेदनाशामक, एन्डॉर्फिनही, मॉर्फिनच्याच रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच जागेवर, बसतं. नॅलोक्सोन या मॉर्फिनविरोधी औषधाने तो अडवला की सुयांचा वेदनाशामक परिणाम घटतो, हे 1977पासून माहीत आहे. मग एक प्रतिकारशक्तीला मारक आणि दुसरं तारक, हे नुसतं गृहीत कसं धरायचं?

मळमळीसाठी मनगटावरचा अ‍ॅक्युपंक्चरचा पी6 बिंदू मी बिनदिक्कत सुचवेन, त्याला चांगला पुरावा आहे. पण प्रतिकारशक्तीच्या भीतीने कुणी वेदनाशामक नाकारलं, तर मला ते अजिबात मान्य नाही.

मेघना: नाकारा असं मी म्हटलंच नाही. जोडीला द्या म्हणतेय.

विश्राम: जोडीला पॅरासिटामॉल आणि नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणं, आहेतच, मॉर्फिन त्यांनीही कमी होतं. त्यावर सुयांनी आणखी किती फरक पडतो, संसर्ग घटतो का, एवढं दाखवा. नुसत्या पेशींच्या आकड्यांवर मी प्रोटोकॉल बदलणार नाही.