होंग म्युंग-बो यांची प्रशिक्षक म्हणून कारकीर्द
२००२च्या फुटबॉल विश्वचषकात कांस्य चेंडूचा, म्हणजे स्पर्धेतल्या तिसऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा, मान मिळवणारे आणि दक्षिण कोरियाकडून चार विश्वचषक खेळलेले होंग म्युंग-बो बचावपटू म्हणून थोर होते, पण २०१४च्या ब्राझीलमधील विश्वचषकाने त्यांच्यातला प्रशिक्षक उघडा पाडला, असे म्हटले जाते. पहिला भाग पूर्णपणे मान्य. दुसरा मात्र अर्धाच. त्या स्पर्धेत कोरियाला एकही सामना जिंकता आला नाही, हे खरे आहे. क्लबकडून नियमित खेळणाऱ्यांनाच घेऊ, असे सांगून त्यांनी बाकावरच बसून राहिलेल्या पार्क चु-यंगला संघात घेतले, यावर झालेली टीकाही रास्त होती. इंचॉन विमानतळावर परतलेल्या संघावर लोकांनी अपमान म्हणून टॉफ्या फेकल्या, इतका तो राग तीव्र होता.

अशा चर्चेत सुटणारा दुवा असा, की होंग यांनी २००९मध्ये वीस वर्षांखालील संघ विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेला आणि त्यातल्याच कू जा-चिओल, किम यंग-ग्वोन अशा मुलांना घडवत २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कार्डिफ येथे जपानला २-० हरवून कांस्यपदक जिंकले. त्या सामन्यात पहिला गोल पार्कचाच होता. जुन्या माणसांवरचा हाच विश्वास २०१४मध्ये त्यांना नडला, असे माझे मत आहे. पण होंग प्रशिक्षक असलेल्या उल्सान या कोरियन क्लबला सतरा वर्षांनी, २०२२मध्ये, तिथल्या लीगचे विजेतेपद मिळाले तेव्हा होंग यांच्या बचावफळीत तोच किम यंग-ग्वोन उभा होता, आणि पुढच्या वर्षी उल्सानने ते राखलेही.