मॅनेज्ड सर्व्हरचा अपडेट नेमका कामाच्या वेळी होतोय, वेळ कशी ठरवायची?

टॉवेलवाला_सोलापूर:
अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात आयटी बघतो. आयटी म्हणजे मी एकटाच, प्रिंटरसकट. दोन सर्व्हर होस्टिंग कंपनीच सांभाळते. उबंटूवर (लिनक्स) उत्पादन नोंदवायचं पोर्टल आहे, विंडोजवर अकाउंट्सवाले रिमोट डेस्कटॉपने बसतात.

कंपनी म्हणते, रीस्टार्ट रात्री २ ला लावलाय. पोर्टल मात्र मधूनच सकाळी साडेसातला बसतं. तेव्हाच रात्रपाळीचा जॉबर (लूमवरचा मुकादम) लूमवार आकडे टाकून घरी पळायच्या घाईत असतो. विंडोजची तऱ्हा उलटी. अपडेट उतरतात, रीस्टार्ट होतच नाही. मालक म्हणतात, "अपडेटच बंद कर की बे." ते मी करणार नाही. दोन्हीकडची वेळ कशी बसवू?

रात्रीचा_गडी:
दादा, २ मध्ये साडेपाच तास मिळवा की. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर चालतोय. कंपनीला टाइमझोन बदलायचा नसेल, तर अनअटेंडेड-अपग्रेड्समध्ये (उबंटूत आपोआप अपडेट करणारा प्रोग्राम) रीस्टार्टची वेळ २०:३० करायला सांगा. म्हणजे आपले रात्रीचे २.

तेवढ्यावर थांबू नका. पॅकेज बसवायचा टायमर वेगळा असतो. उबंटूत तो मूळचा सकाळी ६ ला, त्यात तासाभरापर्यंत इकडेतिकडे. यूटीसीचे ६ म्हणजे आपले साडेअकरा, आणि डेटाबेसचं पॅकेज अपडेट झालं की डेटाबेस रीस्टार्ट होतो. तोही टायमर रात्रीवर न्या.

'युजर लॉगिन असतील तर रीस्टार्ट नको' या सेटिंगवरही विसंबू नका. ते सर्व्हरवर थेट लॉगिन केलेल्यांनाच मोजतं. पोर्टलवर अख्खी पाळी बसली असली तरी त्याच्या लेखी तिथं कुणी नाही.

टॉवेलवाला_सोलापूर:
साडेअकराचंही आत्ता लक्षात आलं. डिस्पॅचवाले "दुपारी स्लो होतं" म्हणायचे, मी इंटरनेटला शिव्या घालत होतो. रात्री २ चालेल. तिसरी पाळी चालू असते, पण नोंद पाळी सुटतानाच होते.

खातेवही:
विंडोजचं मी सांगते, आमच्याकडे तेच झालं होतं. अकाउंट्सवाले लॉगऑफ करत नाहीत, फुलीवर क्लिक करून उठतात. सेशन आत तसंच राहतं, आणि 'लॉगिन युजर असताना रीस्टार्ट नको' ही पॉलिसी लावलेली असेल तर रीस्टार्ट अडतो. तुटलेलं सेशन काही तासांनी आपोआप बंद होईल अशी मर्यादा ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायची जागा) लावा. आधी सगळ्यांना सांगा, नाहीतर सेव्ह न केलेल्या व्हाउचरवरून तुमच्याच नावानं शिमगा.

तारखेचंही बघा. मायक्रोसॉफ्टचे अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतात, म्हणजे ८ ते १४ तारखेत. आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. दर महिन्याच्या जीएसटी विवरणपत्रांत जीएसटीआर-१ ची मुदत ११, ३बी ची २०. त्या मंगळवारनंतरचा रविवार कायम १३ ते १९ मध्येच पडतो, बरोबर दोन्हींच्या मधे. आम्ही तोच धरलाय. एखाद्या सुरक्षा त्रुटीचा गैरवापर सुरूच झाला असेल तर मात्र रविवारची वाट बघायची नाही, त्याच रात्री.

टॉवेलवाला_सोलापूर:
ताई, हे भारी आहे. कंपनीला लेखी कळवतो. मालकांनाही रविवार पटेल, त्या दिवशी अकाउंट्स बंदच असतं.

रात्रीचा_गडी:
जानेवारीचा रविवार तेवढा आधी बघून घ्या. तो सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत आला आणि सर्व्हर उठलाच नाही, तर होम मैदानाच्या गर्दीत तुमचा फोन ऐकू येणार नाही.