चार वर्षांच्या मुलीला पहिल्यांदाच थिएटरमध्ये ॲनिमेशनपट: थ्रीडी काढू की साधा, आणि आवाजाचं काय?

चिमणीची_आई

नमस्कार मंडळी. लेक नुकतीच चारची झालीये आणि तिला पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर पिक्चर दाखवायचं मनात आहे, अर्थात कार्टूनवालाच. घरी टीव्हीवर बघते पण तिथे काय, भीती वाटली की उशीत तोंड खुपसते नाहीतर सरळ रिमोट मागते. मिक्सर लावला तरी कान झाकणारी पोरगी आहे त्यामुळे मला आवाजाचीच जास्त धास्ती. नवरा म्हणतो थ्रीडीच बघू, मजा येईल तिला. सासूबाई म्हणतात एवढ्यात नकोच, अंधारात दचकेल. मी मधल्यामधे लटकलेय. एवढ्या लहान मुलांना कोणी नेलंय का? कुठली रांग बरी, किती वेळाचा पिक्चर झेपतो, मधेच भोकाड पसरलं तर काय करता? अनुभव सांगा प्लीज. "मुलांना स्क्रीनच दाखवू नका" हा सल्ला ऐकून झालाय, तो नको.

रीळवाला

ताई, मी प्रोजेक्शनच्या कामात आहे म्हणून फक्त आवाज आणि थ्रीडीबद्दल बोलतो, पोरं सांभाळण्याचं इतर लोक सांगतीलच.

थिएटरचा साउंड सेट करताना पडद्यामागच्या एकेका स्पीकरला ८५ डेसिबल ही पातळी धरतात आणि त्याच्यावर अजून २० डेसिबलची जागा मोठ्या आवाजांसाठी मोकळी असते, म्हणजे काही फुटलं कोसळलं तर क्षणभर १०५ पर्यंत जाऊ शकतं. हे डॉल्बीच्या प्रोसेसरवर (थिएटरचा आवाज सांभाळणारं यंत्र) फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायचं बटण, ७ वर असेल तर. पण बऱ्याच ठिकाणी प्रेक्षक कुरकुरतात म्हणून तो खाली ओढलेला असतो, आणि संवाद तर त्याच्या पुष्कळच खाली असतात. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल अशी मर्यादा सांगितलीये, त्या हिशोबाने कधीतरी एक पिक्चर बघून कान जाणार नाहीत, प्रश्न दचकण्याचा आहे. त्याला उपाय म्हणजे कानावरून बसणारे इअरमफ, लहान मुलांच्या मापाचे मिळतात. कापसाचे बोळे घालू नका, त्याने फारसं काही अडत नाही. आणि शो सुरू व्हायच्या आधी मॅनेजरला जाऊन नीट सांगितलं की लहान मुलं जास्त आहेत, आवाज जरा कमी ठेवाल का, तर फेडर खाली घेणं हे दोन सेकंदांचं काम आहे. लोक विचारतच नाहीत, नंतर तक्रार करतात.

थ्रीडी मात्र नकोच. साध्या पिक्चरला पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड धरतात, थ्रीडीत चष्म्यातून डोळ्यापर्यंत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पोचतो. ॲनिमेशनची अर्धी गंमत रंगांत, ते सगळे मळकट दिसतात. वर तो चष्मा चार वर्षांच्या नाकावर टिकत नाही, काढला की पडद्यावर एकात एक दोन चित्रं दिसतात. आणि इअरमफच्या आत चष्म्याच्या काड्या टोचणार ते वेगळंच.

हां, आणि सगळ्यात कानठळ्या बसवतात ते ट्रेलर. तेवढे संपले की आत शिरा.

दोन_कार्ट्यांचा_बाप

रीळवाले दादा, बाकी सगळ्याला +१ पण शेवटच्या वाक्याला कडाडून विरोध. दिवे गेल्यावर आत शिरायचं म्हणजे पोराच्या दृष्टीने एका काळ्या गुहेत शिरायचं आणि आतून कोणीतरी ओरडतंय. आमच्या धाकट्याने दारातच बूट रोवले होते, ढकलावा लागला असता. त्यापेक्षा दिवे चालू असताना जा, पडदा दाखवा, खुर्च्या मोजू देत, जिन्याच्या पायरीवरचे बारके दिवे दाखवा, आणि "आता दिवे हळूहळू जाणार" हे आधीच सांगा. ट्रेलरला इअरमफ आहेतच की.

आता खुर्चीचं. हे कोणी सांगत नाही, उघडमिट होणारी खुर्ची खाली दाबून राहायला वजन लागतं आणि चार वर्षांचं पोर तेवढं नसतं. मागे सरकून बसलं की खुर्ची गपकन मिटते, गुडघे हनुवटीला, पाय वर आणि पोर मधे सँडविच. मोठीला त्याचीच इतकी मजा वाटली की पहिला अर्धा तास पिक्चर बाजूलाच. तेव्हा बूस्टर सीट (मुलांसाठी खुर्चीवर ठेवायची उंच बैठक) मिळते का विचारा, नाहीतर कडेला तुमचा एक हात ठेवून बसा. जागा मागच्या बाजूची, पॅसेजच्या कडेची. पुढून पडदा अंगावर येतो, आणि मधे बसलात तर सू-सूला जाताना सात जणांचे पाय तुडवावे लागतात.

लांबी बघून तिकीट काढा, हे फार महत्त्वाचं. १९९५ चा टॉय स्टोरी ८१ मिनिटांत संपतो, २०१८ चा इन्क्रेडिबल्स २ मात्र ११८ मिनिटांचा. दोन्ही मुलांचेच, पण चार वर्षांच्या बुडाला हा फरक फार मोठा आहे. वर ट्रेलर जाहिराती धरा. २०१७ मध्ये कोको लागला तेव्हा त्याच्याआधी २१ मिनिटांची वेगळी फिल्म जोडली होती, लोक वैतागले, कारण मूळ पिक्चर सुरू होईपर्यंत पोरांचा पेट्रोल संपलेला. आणि इन्क्रेडिबल्स २ मध्ये लखलखत्या दिव्यांचे सीन होते म्हणून थिएटरबाहेर इशारे लावले होते, घरात कोणाला फिट्सचा त्रास असेल तर असली चौकशी आधीच करा.

रडारड झाली तर उचला आणि बाहेर. वाद नाही, "पैसे वाया गेले" नाही. बाहेर शांत झाली आणि तिलाच परत जायचं असेल तर जा, नाहीतर घर.

चिमणीची_आई

बाप रे, खुर्चीचं माझ्या डोक्यातच आलं नसतं, हाहा. थ्रीडी कॅन्सल, नवऱ्याला रीळवाले दादांचा प्रतिसाद जसाच्या तसा फॉरवर्ड केला. अजून एक विचारायचं होतं, या पिक्चरांत कोणाची ना कोणाची आई मरतेच. त्याचं काय करता? आणि डब केलेला बघावा की मूळ भाषेत?

शब्दवेल्हाळ

अगं आई मरण्याची परंपरा जुनीच आहे. बांबी १९४२ चा, त्यात गोळीचा आवाज येतो आणि आई परत येत नाही, मरताना दाखवलेलीच नाही. फाइंडिंग नीमोमध्ये तर सुरुवातीच्या काही मिनिटांतच आई आणि जवळजवळ सगळी अंडी जातात. पण मुलं नेमकी कशाला घाबरतील ते आपल्याला कळत नाही. माझा भाचा असल्या सीनला ढिम्म होता, आणि पुढे एक खेळणं पावसात बाहेर राहिलं तिथे हमसून हमसून रडला. त्यामुळे माझा उपाय सोपा आहे, गोष्ट आधीच सांगून टाकायची, शेवटासकट. मोठ्यांना स्पॉयलरचं वावडं, चार वर्षांच्या मुलाला शेवट माहीत असला की मधल्या अंधारातून जायला धीर येतो, एरवी तीच गोष्ट रोज रात्री ऐकतात ना. आणि सीन चालू असताना तोंडाकडे बघून "घाबरलीस का? रडू येतंय का?" करू नकोस गं, त्यानेच येतं. मांडीवर घे, गप्प बस. विचारलं तर एका वाक्यात उत्तर.

एकटा_जीव

मला मूलबाळ नाही, ॲनिमेशन मात्र सगळं थिएटरात जाऊन बघतो. बिनपोरांच्या प्रेक्षकातर्फे एवढंच, मुलगी मोठ्याने हसली, "तो कुठे गेला?" विचारलं, तर आम्हाला काही त्रास नाही, उलट हॉल जिवंत वाटतो. त्रास होतो तो पोराचा पहिला पिक्चर म्हणून फ्लॅश मारून फोटो काढणाऱ्या पालकांचा. फोटो बाहेर पोस्टरपाशी काढा, तिथे उजेडही चांगला असतो.

रीळवाला

@दोन_कार्ट्यांचा_बाप बरं, ट्रेलरचं मागे घेत नाही पण गुहेचा मुद्दा बरोबर आहे. इअरमफ घालून आधी बसा.

डबचं म्हणाल तर तिला कळेल ती भाषा, प्रश्नच नाही. सबटायटल वाचायचं वय नाही आणि तुम्ही कानात भाषांतर करत बसलात तर मागचे लोक तुम्हालाच बाहेर काढतील. मूळ पिक्चरला बहुतेक वेळा आवाज आधी रेकॉर्ड होतात आणि ओठ त्यावर बेतून हलवतात, डबिंगवाल्यांना उलटं, हललेल्या ओठांत शब्द बसवावे लागतात, म्हणून कधीकधी वाक्यं जरा वेडीवाकडी वाटतात. मोठ्यांना खटकतं, मुलांना पत्ताही लागत नाही. फक्त बुक करताना शोच्या वेळेशेजारी भाषा लिहिलेली असते ती नीट बघा, एकाच दिवशी एकाच पिक्चरचे वेगवेगळ्या भाषांतले शो असतात, दारावर येऊन घोळ घालणारे दर वीकेंडला भेटतात.