जुन्या पीसीचं चेकडिस्क अडकलंय, बंद करू का?

गवतीचहा:
मंडळी, बाबांचा जुना डेस्कटॉप आहे, विंडोज ७, ५०० जीबीची साधी साटा हार्डडिस्क. हल्ली फोल्डर उघडला की अडकतो, चालू करताना मधूनच आपोआप चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) सुरू होतं, म्हणून काल रात्री मीच स्लॅश आर लावून चालवलं तर चौथ्या टप्प्यात १२ टक्क्यांवर जे बसलंय ते सकाळी पण तिथंच. सोसायटीचे हिशोब आणि घरचे फोटो आहेत त्यात, बॅकअप अर्थातच नाही. दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारू, डिस्क नीट होईल. मारू का?

घाटमाथा:
फॉरमॅट अजिबात नको!! स्लॅश एफ फक्त फाइल सिस्टिमच्या नोंदी दुरुस्त करतं, स्लॅश आर ते करून वर सगळी डिस्क वाचून बघतं. न वाचता येणारा सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) आला की ड्राइव्ह पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो म्हणून टक्का हलत नाही, हँग झालंय असंच नाही. पण मरायला टेकलेल्या डिस्कला एवढं दमवायचं कशाला, आधी डेटा काढायचा मग चेकडिस्क. मध्येच बंद करण्यात थोडी रिस्क आहे, पण टकटक आवाज येत असेल तर मी तरी थांबवेन, आणि पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून हिशोब पहिले कॉपी करेन. फोटो नंतर.

स्क्रूड्रायव्हर:
+१. कॉपी झाली की क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या प्रोग्रॅममध्ये स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदी, बघा. त्यातली ०५ नंबरची नोंद म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून निकाल लागलेला नाही असे. सी७ (डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुका) एकटाच वाढत असेल तर बहुतेक साटा केबलचा घोळ, केबल बदला, जुना आकडा कमी होत नाही, फक्त पुढे वाढत नाही ना ते बघायचं.

आणि दुकानवाल्याचं गुपित सांगतो, फुल फॉरमॅटमध्ये सगळीकडे शून्य लिहिली जातात, त्यात सी५ वाले सेक्टर एकतर परत चालतात नाहीतर बदलले जातात, आकडा शून्यावर येतो आणि डिस्क ‘रिपेअर’ झाली म्हणून पैसे घेतात. तुमचा डेटा गेला तो गेलाच.

गवतीचहा:
थांबवलं. लिनक्समधून हिशोब सगळे मिळाले 🙏 फोटोंचे एकदोन फोल्डर मात्र रिकामे दिसतायत. ०५ आणि सी५ दोन्ही वाढतायत, सी७ शून्य.

घाटमाथा:
मग केबल नाही, डिस्कच चाललीय. आता तिच्यावर काही लिहू नका, दुसऱ्या मोठ्या डिस्कवर डीडीरेस्क्यू या लिनक्समधल्या टूलने अख्खी कॉपी घ्या, ते सोपा भाग आधी उचलतं आणि खराब जागा शेवटी खरवडतं. चेकडिस्क चालवायचंच तर त्या कॉपीवर. नवीन २.५ इंची साटा एसएसडी जुन्या बोर्डावर पण चालते. विंडोज ७ मात्र परत टाकू नका, जानेवारी २०२० पासून अपडेट बंद आहेत.

स्क्रूड्रायव्हर:
फोटोंसाठी सी ड्राइव्हवर फाउंड.००० नावाचा लपवलेला फोल्डर आहे का बघा. चेकडिस्कला सापडलेले तुकडे तिथं सीएचके एक्स्टेंशनने पडतात, त्यांची कॉपी घेऊन कॉपीला जेपीजी नाव द्या, काही उघडतील.